मंडळाच्या अभंगांचं अ‍ॅप: फ्लटर घ्यावं की रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?

भजनी मंडळाच्या अभंगांचं अ‍ॅप करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो हा. दोन्ही मोबाइल अ‍ॅप बनवायची साधनं. फ्लटर गूगलचं आणि त्याची भाषा डार्ट, रिअ‍ॅक्ट नेटिव्ह मेटाने सुरू केलेलं आणि त्याची भाषा जावास्क्रिप्ट. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत एकदा लिहिलेला कोड अँड्रॉइड आणि आयफोनवर चालतो, आणि अभंगांची यादी दाखवणं दोन्हींत सारखंच सोपं. खरा फरक सेटिंग्जमध्ये कळतो. गोव्यातल्या वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या चोवीस तासांच्या अखंड भजनात रात्री गाणाऱ्याला काळी पार्श्वभूमी हवी असते, वयस्कर बुवांना मोठं अक्षर हवं असतं, आणि एकदा लावलेलं पुढच्या खेपेला तसंच सापडायला हवं. माझ्या मते निवड याच कसोटीवर करावी.

थीममध्ये फ्लटर सरळ पुढे आहे. मटेरिअलअ‍ॅपला (फ्लटर अ‍ॅपचा सर्वांत बाहेरचा घटक) उजेडाची थीम, अंधाराची थीम आणि थीममोड एवढं दिलं की झालं. थीममोड म्हणजे सिस्टम, लाइट किंवा डार्क. मंडळाचा एखादा भगवा ठरवा. कलरस्कीमचं फ्रॉमसीड त्या एका रंगावरून अख्खी रंगसंगती काढतं, आणि बटणं, स्विच, मेन्यू सगळं तीच उचलतं. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये असं काही तयार मिळत नाही. युजकलरस्कीम हा हुक (तयार फंक्शन) फोन कुठल्या मोडमध्ये आहे तेवढं सांगतो. रंग आपणच ठरवायचे आणि कॉन्टेक्स्टमधून प्रत्येक स्क्रीनपर्यंत पोचवायचे, नाहीतर रिअ‍ॅक्ट नेटिव्ह पेपरसारखी लायब्ररी घ्यायची. एक्स्पो (रिअ‍ॅक्ट नेटिव्हचं काम सोपं करणारा साधनसंच) वापरत असाल तर अ‍ॅप डॉट जेसनमध्ये युजर इंटरफेस स्टाइल ‘ऑटोमॅटिक’ आहे ना, ते आधी बघा. ते नसेल तर फोन डार्क करूनही अ‍ॅप पांढरंच राहील.

आता जपून ठेवायच्या सेटिंग्ज. फ्लटरमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस हे प्लगिन सगळे वापरतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये तेच काम एसिंकस्टोरेज करतं, पण ते फक्त स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, साठवतं. आकडा किंवा हो-नाही ठेवायचं तर जेसन करून ठेवा आणि वाचताना परत उलगडा. दोन्हींत वाचन असिंक्रोनस आहे, म्हणजे उत्तर लगेच न येता थोड्या वेळाने येतं, आणि गोम तिथेच आहे. साठवलेला ‘डार्क’ हाती येण्याआधी पहिली स्क्रीन रंगली तर काळोख्या मंडपात तोंडावर पांढरा झोत येतो. फ्लटरमध्ये मेन हे सुरुवातीचं फंक्शन असिंक करा, बाइंडिंग (फ्लटरला फोनशी जोडणारा दुवा) इनिशिअलाइझ करा, प्रेफरन्सेस वाचा आणि मगच रनअ‍ॅप बोलवा. चार ओळींत काम होतं. एक्स्पोत स्प्लॅश स्क्रीन (अ‍ॅप उघडताना दिसणारं पहिलं चित्र) रोखून धरा आणि सेटिंग्ज वाचून झाल्यावर सोडा. किंवा एमएमकेव्ही ही साठवणीची दुसरी लायब्ररी घ्या. ते सिंक्रोनस असल्यामुळे वाट बघावीच लागत नाही, पण त्यात नेटिव्ह कोड आहे म्हणून एक्स्पो गो या तयार चाचणी अ‍ॅपमध्ये चालत नाही, स्वतःचा डेव्हलपमेंट बिल्ड करावा लागतो. एवढं करूनही स्प्लॅशचा रंग फोनच्या मोडप्रमाणे येतो, अ‍ॅपमधल्या निवडीप्रमाणे नाही. म्हणून स्प्लॅश सरसकट गडद ठेवा, असं मी सांगेन.

दोन बारीक गोष्टी दोन्हीकडे लागू. थीमची निवड क्रमांकाने साठवू नका, ‘डार्क’ असं नावाने साठवा. उद्या यादीत चौथा पर्याय घुसला तर आकडे सरकतात. आणि अक्षराच्या आकाराचा स्लायडर सरकत असताना दर क्षणी साठवू नका. सरकताना फक्त स्क्रीन बदला, बोट उचललं की साठवा. फ्लटरच्या स्लायडरला त्यासाठी ऑनचेंजएंड आहे, रिअ‍ॅक्टच्या कम्युनिटी स्लायडरला ऑनस्लायडिंगकम्प्लीट.

गोव्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट महत्त्वाची: भाषेची सेटिंग. आपल्याकडे मराठी आणि कोंकणी दोन्ही द्यावी लागतात. फ्लटरच्या तयार मटेरिअल भाषांतरांत (बटणं, मेन्यू वगैरे तयार घटकांवरच्या शब्दांत) मराठी आहे, कोंकणी नाही. कोंकणीचा लोकेल (भाषेचा कोड) नुसता यादीत टाकला तर मटेरिअलचे शब्द न सापडून एरर येते. ते शब्द पुरवणारा स्वतःचा डेलिगेट लिहा, किंवा सोपा मार्ग म्हणजे मटेरिअलला मराठीच ठेवा आणि आपले शब्द तेवढे कोंकणीत द्या. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये तयार शब्द मुळात नसल्यामुळे दोन्ही भाषा सारख्याच कष्टात होतात. इथे त्याचं पारडं जड.

वेबवरही तसंच. फ्लटरचं वेब अ‍ॅप देवनागरीचा फॉन्ट सोबत दिला नसेल तर तो इंटरनेटवरून आणतं, आणि रेंज कमी असली की तोवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी अ‍ॅपमध्येच घाला. रिअ‍ॅक्टकडे ब्राउझर आपलाच फॉन्ट वापरतो. मात्र तिथे फोनवर ओळीची उंची कमी ठेवली तर वरच्या वेलांट्या आणि अनुस्वार कापले जातात, आणि तुकोबांच्या ओळीवरचा अनुस्वार गेलेला कुणालाच चालणार नाही.

मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट माउई हे तिसरं साधन सी शार्प भाषा येणाऱ्यांनी बघावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

माझं मत स्पष्ट आहे. कोरी पाटी असेल आणि अ‍ॅप फोनपुरतंच असेल तर फ्लटर. थीम आणि अक्षराच्या आकाराची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. रिअ‍ॅक्टमध्ये हात बसला असेल किंवा मंडळाची वेबसाइटही त्याच कोडमधून हवी असेल तर एक्स्पो घ्या. केवळ थीमसाठी डार्ट शिकत बसू नका. मॅक नसलेल्यांना आयफोनचा बिल्ड एक्स्पोच्या क्लाउडवर सहज मिळतो, फ्लटरसाठी कोडमॅजिकसारखी सेवा शोधावी लागते. अ‍ॅपलची फी वर्षाला ९९ डॉलर, गूगल प्लेची एकदाच २५. म्हणून सुरुवात अँड्रॉइडने करा. नव्या वैयक्तिक प्ले खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मंडळात तेवढी माणसं असतातच. त्यांत जुना फोन वापरणारे दोघे-तिघे मुद्दाम घ्या, आणि अक्षर सर्वांत मोठं करून एक पूर्ण अभंग म्हणून बघायला सांगा.