लग्नाच्या पाहुण्यांसाठी सावंतवाडीची पिशवी: बचत गट, चितार आळी आणि राजवाडा

आधी निकाल सांगते. सिंधुदुर्गात लग्न असेल आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना स्वागताची पिशवी द्यायची असेल, तर तयार खोकी मागवू नका. खाऊ बचत गटाकडून घ्या, लाकडी वस्तू सावंतवाडीच्या चितार आळीतून घ्या आणि पिशव्या कापडी शिवून घ्या. भाचीच्या लग्नात आम्ही असंच केलं. नव्वद पिशव्या झाल्या, एका पिशवीला 400 रुपयांच्या आत खर्च आला आणि पाहुण्यांनी त्यातली प्रत्येक वस्तू घरी नेली. लग्नघरात एवढं जमलं की पुष्कळ झालं.

मुलाकडचं वऱ्हाड इंदूरचं. मराठीच माणसं, पण तीन पिढ्या माळव्यात गेलेली. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना आपण गोव्याला चाललोय असंच वाटत होतं. विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरतं, गाडी थोडा वेळ गोव्यातून येते, त्यात त्यांचा काय दोष? पण म्हणूनच मला वाटत होतं की खोलीत पाऊल टाकताच त्यांना कळावं, आपण सावंतवाडीत आलोय आणि या गावाचं स्वतःचं काहीतरी आहे.

तयार खोक्यांचा एक नमुना आम्ही मागवून पाहिला होता. शहरातली एक कंपनी ‘कोकण थीम’ म्हणून विकते. वर नारळाच्या झाडांचं चित्र, आत सुगंधी मेणबत्ती, चॉकलेट, बिस्किटं आणि शंखाचं की-चेन. खोकं दिसायला देखणं, पण त्यातली एकही वस्तू कोकणात तयार झालेली नव्हती. मेणबत्ती मे महिन्यात कुठल्याही खोलीत कुणी लावणार नाही आणि चॉकलेट स्टेशनपासून हॉटेलपर्यंतही टिकणार नाही. किंमत मात्र आमच्या पिशवीच्या दुपटीहून जास्त. तिथेच तो विषय संपला.

खाऊचं काम कुडाळ तालुक्यातल्या एका महिला बचत गटाला दिलं. मालवणी खाजं, आमसुलं, काजू आणि आंबापोळी एवढं त्यांच्याकडून घेतलं. कोकम आगळाच्या छोट्या बाटल्याही घालाव्यात असा माझा विचार होता. गटातल्या काकींनी तो ऐकूनच घेतला नाही. “बाटली नको गे बाय, गळली तर सगळ्याक डाग पडतले.” आगळ म्हणजे मीठ घातलेला गडद लाल रस, पांढऱ्या कापडावर पडला की निघत नाही. त्यापेक्षा आमसुलं द्या, वर्षभर राहतात, असं त्या म्हणाल्या. आपला माल कमी विकला गेला तरी चालेल, पण गिऱ्हाइकाचं नुकसान नको, असा सल्ला देणारं दुकान मी शहरात फार पाहिलेलं नाही. अमृत कोकमाचं सरबत मग हॉटेलात उतरतानाच पेल्यातून दिलं. रात्रभर कोकणकन्येत बसून आलेल्या माणसाला सकाळी तेच हवं असतं.

खाजं त्यांनी आमच्यासमोर पाकात घोळवलं. बेसनाच्या जाड, तळलेल्या कांड्या, गुळाचा पाक आणि त्यात किसलेलं आलं. पाक नेमका कधी उतरवायचा हे तिथल्या आजी झाऱ्यावरून पडणाऱ्या थेंबावरून ठरवतात. थोडा आधी उतरवला तर खाजं एकमेकांना चिकटून ढेप होते, थोडा उशीर झाला तर गुळाला जळकट चव येते. घोळवल्यावर प्रत्येक कांडीवर गुळाचा पांढरट, खरखरीत थर बसतो आणि आल्याचा झणका नाकाला लागतो. पूर्ण गार झाल्याशिवाय त्या पाकिटात भरू देत नाहीत, कारण वाफ आत राहिली की दुसऱ्या दिवशी खाजं मऊ पडतं. जत्रेत पुडी बांधून मिळणाऱ्या खाज्याची चव तशीच्या तशी होती. वयस्कर मंडळींना हे चावत नाही, म्हणून त्यांच्या पिशव्यांत खाज्याऐवजी आंबापोळी घातली. मे महिना असल्यामुळे ती त्याच हंगामाची, नुकतीच उन्हात वाळलेली मिळाली.

काजूचं थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक तिथेच होते. बाजारात डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 असे आकडे सांगतात. एका पौंडात साधारण किती गर बसतात, तो हा आकडा. म्हणजे आकडा जितका लहान तितका काजू मोठा. पण काजू मोठा आहे म्हणून तो इथलाच, असं नाही. आपल्याकडच्या कारखान्यांतही आफ्रिकेतून आलेली कच्ची बी फोडली जाते. त्यामुळे नुसता आकडा विचारू नका, बी कुठली ते विचारा. या गटाने आजूबाजूच्या बागांतली बी घेतली होती, बहुतेक वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या या जाती आता जिल्हाभर आहेत, आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही आहे. आम्ही सोललेला पांढरा काजू न घेता भाजलेला, सालीसकटचा घेतला. स्वस्त पडतो, चवीला उजवा, आणि इंदूरकरांनी तो तसा कधी पाहिलेलाच नव्हता. ती तांबडी साल चुरडून, फुंकर मारून काजू तोंडात टाकायचा हे मांडवात मुलांना शिकवावं लागलं.

गटाबद्दल तक्रार एकच. पाकिटांवरच्या तारखा पेनाने लिहिलेल्या होत्या आणि काही पुसल्या गेल्या. परवाना क्रमांक, वजन, घटक सगळं छापलेलं, मग तारखेलाही शिक्का करावा. एवढा चांगला माल परगावी जाणार असेल तर तारीख वाचता आलीच पाहिजे. त्यांना हे सांगितलं आहे.

आता चितार आळी. मोती तलावापासून चालत जाता येतं. लहानपणी सुट्टीत आजोळी यायचो तेव्हा या आळीत शिरलं की आमचे पाय निघत नसत, आजही नाहीत. लाकडाचे आंबे, केळी, अननस, फणस, भातुकली, भोवरे, पाट, रंगवलेली परडी. इथलं जुनं काम पांगाऱ्याच्या लाकडाचं. पांगारा हलका, मऊ, पटाशीला ऐकणारा, म्हणून फळांचे गोलवे त्यात छान निघतात. हल्ली इतर लाकडंही वापरतात.

पण आळीतल्या प्रत्येक दुकानातला प्रत्येक नग इथलाच असतो असं समजू नका. बाहेरची यंत्रावरची खेळणी, प्लास्टिकसुद्धा, त्याच फळीवर मांडलेलं असतं. ओळखायचं कसं? एकाच जातीची चार फळं हातात घ्या. चारही अगदी सारखी दिसली तर ती इथल्या हातची नाहीत. आम्ही घेतलेल्या आंब्यांत प्रत्येकाची चोच वेगळी होती. देठाकडे हिरवा, मग पोपटी, पोटावर पिवळा आणि एका गालावर केशरी झाक, आणि हे रंग एकमेकांत असे मुरवलेले की नेमका कुठे बदलला ते सांगता येत नाही. एका आंब्याच्या देठाजवळ चिकाचा काळपट ओघळही रंगवला होता. हापूस झाडावरून उतरवणाऱ्या घरातल्या माणसालाच हे सुचणार. दुकानदाराच्या वडिलांनी रंगवला होता तो. मी तो पिशवीत घातला नाही, नवऱ्यामुलाच्या आजीच्या हातात दिला.

पिशवीसाठी मुठीत मावेल एवढं एकेक फळ घेतलं. आंबा, काजूबोंड, कोकम, असं आलटून पालटून. त्याचा एक फायदा आधी लक्षातच आला नव्हता: संध्याकाळी सगळे एकमेकांना विचारायला लागले, तुला काय आलं? दोन्हीकडची मंडळी बोलती व्हायला तेवढं पुरलं.

आळीतल्या दुसऱ्या एका दुकानाला मात्र पुन्हा काम देणार नाही. काजूबोंडं कमी पडली म्हणून त्यांनी न विचारता त्याजागी बाहेरच्या बाहुल्या भरून ठेवल्या होत्या. परत घेतल्या, पण वाद घालावा लागला. काजूबोंडं थोडीच तयार आहेत असं सरळ सांगितलं असतं तर आम्ही आंबे घेतले असते.

राजवाड्यात पिशवीसाठी काही घ्यायचं नव्हतं, तरी गेलोच. गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, तिथे आजही हाताने रंगवतात. ही कला संपत आली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, त्यात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. हाताने रंगवलेला संच महाग असतो आणि असायलाच हवा. स्वस्तातल्या छापील नकला पिशव्यांत घालाव्यात असं एकाने सुचवलं होतं, ते आम्ही केलं नाही. एकच खरा संच घेतला आणि तो व्याह्यांना दिला. आमचे भावोजी आणि व्याही मेंदीच्या रात्री मत्स्य, कूर्म, वराह लावत बसले होते.

पिशव्या जाड मांजरपाटाच्या शिवल्या. नॉन-वोव्हन पिशव्या कापडासारख्या दिसतात, पण ते प्लास्टिकच, आणि महाराष्ट्रात 2018 मध्ये त्यांच्यावर बंदी आली होती. हे कित्येक लग्नघरांना ठाऊक नसतं. पिशवीला रुंद तळ आणि लांब बंद ठेवा, म्हणजे ती नंतर भाजीला जाते. वर नवरानवरीचं नाव मोठं छापू नका, आतल्या बाजूला लहान छापा. दुसऱ्याच्या लग्नाचं नाव मिरवत मंडईत कोण फिरेल?

आत एक कागद घातला होता. एका बाजूला कार्यक्रमांच्या वेळा, गाडीचा आणि डॉक्टरांचा नंबर. मागच्या बाजूला प्रत्येक वस्तू कुठल्या गावातून आली ते, आणि सोलकढीची कृती: आठदहा आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची, नारळाचं दूध, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ, वर कोथिंबीर. हा कागद छापायला सगळ्यात कमी पैसे लागले आणि सगळ्यात जास्त फोन त्यावरूनच आले.

मागवायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. पिशव्या माणशी न करता खोलीमागे एक करा, मुलांना वेगळा भोवरा द्या. लाकडी फळं निदान दोन महिने आधी सांगा, कारण रंगाचे हात वाळायला वेळ लागतो आणि घाईत केलेल्या फळाला रंगाचा वास राहतो. खाऊ लग्नाच्या आठवड्यातच ताजा करून घ्या. आगाऊ रक्कम विनातक्रार द्या, बचत गटाला गूळ-बेसन रोखीने आणावं लागतं. विमानाने जाणाऱ्यांच्या पिशवीत सुकं खोबरं घालू नका, विमानतळावर अडवतात. गट माल हॉटेलवर पोचवत नाही, कुडाळहून आपली गाडी पाठवावी लागते. आणि गाडी रिकामी जाणारच आहे तर घरच्यासाठीही खाजं सांगून ठेवा, आमच्याकडे ते वऱ्हाड निघण्याआधीच संपलं होतं.