डीएमडी आणि स्टेम सेलचं पॅकेज: पैसे भरण्याआधी हे वाचा

पाच-सहा वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग गुडघ्यावर, मांडीवर हात टेकवत टेकवत उभा राहतो. पोटऱ्या घट्ट आणि भरलेल्या, म्हणून घरचे कौतुकाने म्हणतात, पैलवान होणार. मग कुणीतरी रक्तातलं सीपीके (स्नायूंतून गळणारं एक प्रथिन) तपासायला सांगतं आणि एरवी दोनशेच्या आसपास असणारा आकडा पंधरा-वीस हजार येतो. एमएलपीए या जनुकीय तपासणीत डिस्ट्रोफिन या स्नायूच्या प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा गायब निघतो. निदान होतं डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, स्नायू झिजवणारा जनुकीय आजार. आईबाप रात्रभर मोबाइलवर उपचार शोधतात, स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराच्या एखाद्या जाहिरातीखाली नंबर टाकतात आणि सकाळी फोन येतो.

फोनवरचा माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसतो. तो रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवतो, ‘केस घेता येईल’ म्हणतो आणि वर एक वाक्य टाकतो: ‘सात वर्षांच्या आत आणलंत तर रिझल्ट चांगला येतो.’ हे वाक्य नीट लक्षात ठेवा, सगळी फसवणूक त्याच्यावर उभी आहे.

डीएमडीत मूल साधारण सात वर्षांचं होईपर्यंत वाढीमुळे त्याचं चालणं काही काळ सुधारतं. स्नायू झिजत असतात, पण वाढीचा वेग झिजेपेक्षा जास्त असतो. पाचव्या वर्षी इंजेक्शन दिलं आणि सहाव्या वर्षी मूल थोडं जास्त चाललं, तर ते इंजेक्शन न देताही चाललं असतं. त्यात पॅकेजमध्ये रोजची फिजिओथेरपी असते, कधी स्टेरॉइडही नव्याने सुरू केलेलं असतं. या दोन्हींचा उपयोग खरा आहे, आणि तो तालुक्याच्या गावातही फार कमी पैशात मिळू शकतो. श्रेय मात्र पेशींना जातं.

पेशींनी फरक का पडत नाही, ते बघा. डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूपेशीच्या आतला सांगाडा तिच्या आवरणाशी बांधून ठेवतं. ते नसलं की स्नायू आकुंचन पावताना आवरणाला चिरा पडतात, सीपीके रक्तात गळतं आणि हळूहळू स्नायूच्या जागी चरबी साठते. क्लिनिकमध्ये मुलाच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात, यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करतात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात किंवा स्नायूंत टोचतात. पेशी त्याच मुलाच्या, म्हणजे प्रत्येकीत तोच तुटका जनुक. त्यांच्याकडून डिस्ट्रोफिन येणार कुठून? आणि कण्यात सोडलेल्या पेशी मांडीत जाऊन नवा स्नायू बांधत नाहीत.

‘सीपीके अठरा हजारांवरून सहा हजारांवर आलं’ असा कागद दाखवतील. सीपीके विश्रांतीनेही उतरतं. स्नायूच कमी उरला की गळायलाही कमीच उरतं, त्यामुळे आजार वाढत असतानाही आकडा खाली येतो. व्हिडिओ दाखवले तर पाय बघा: आधीच्या व्हिडिओत मूल फरशीवर अनवाणी, नंतरच्यात पायात स्प्लिंट (आधाराची पट्टी) आणि मागे थेरपिस्टचा हात.

सर्वांत धोक्याचं म्हणजे ‘स्टेरॉइड बंद करा, पेशींना काम करू द्या’ हा सल्ला. प्रेडनिसोलोनचा नेहमीचा डोस किलोमागे रोज 0.75 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 15 मिलिग्रॅम. महिनोन्‌महिने हे घेणाऱ्या शरीराची स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवण्याची सवय मोडलेली असते. गोळी एकदम थांबवली तर उलट्या होतात, रक्तदाब पडतो, मूल दगावूही शकतं. आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.

‘आमची ट्रायल (उपचाराची संशोधन चाचणी) आहे’ असं सांगितलं तर नोंदणी क्रमांक मागा. तो ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो. सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून आजाराचं नाव, केंद्राचं नाव आणि ट्रायल सुरू आहे का, हे तिन्ही जुळवा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर ट्रायलमध्येच करता येतो, आणि ट्रायलमध्ये रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले म्हणजे ती ट्रायल नव्हे.

हेच पैसे राखून ठेवा. एमएलपीएत काही सापडलं नसेल तर जनुकाचं पूर्ण वाचन करून घ्या. आईची वाहक तपासणी (तिच्यातही हाच बिघडलेला जनुक आहे का) करा, पुढच्या बाळंतपणाचा आणि मावशीच्या घरचाही प्रश्न त्यावर अवलंबून असतो. वर्षातून एकदा हृदयाची इको, रात्री घोट्याचे स्प्लिंट, रोज टाचेचं स्ट्रेचिंग. मुंबईचं केईएम रुग्णालय 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणाखालचं केंद्र आहे, तिथे नाव नोंदवा.

पैसे आधीच भरले असतील तर पावती बघा. त्यावर ‘स्टेम सेल’ऐवजी ‘न्यूरो रिहॅब’ लिहिलेलं असू शकतं, म्हणून व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा. केस पेपर लेखी मागा, 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करा. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, तिथे मुदत दोन वर्षांची असते.