श्रीलंकेची रेल्वे, बरेच महिने वापरून: किनारा, डोंगर आणि बिनघाईची सुट्टी

कामानिमित्त कोलंबोत बरेच महिने मुक्काम होता. गाडी-ड्रायव्हर करून फिरायचं नाही, जिथे रूळ पोचतात तिथे रेल्वेनेच जायचं, असं मी आणि बायकोने आल्या आल्याच ठरवलं. शनिवार-रविवार, दर पौर्णिमेला मिळणारी पोयाची सुट्टी आणि शेवटी साठवून ठेवलेली सगळी रजा, असं करत किनाऱ्याची आणि डोंगरातली अशा दोन्ही लाइन भरपूर वापरून झाल्या. निवांत फिरणाऱ्याला या देशात याहून चांगलं साधन मिळणार नाही, हे माझं पक्कं मत झालंय. आणि तितकंच पक्कं दुसरं मत असं, की ज्या एका प्रवासावर सगळ्यांची झुंबड उडते, म्हणजे कँडी ते एल्ला हा डोंगरातला प्रवास एका दमात, तो या रेल्वेचा सगळ्यात वाया घालवलेला वापर आहे.

त्या प्रवासाला सहा-सात तास लागतात. आरक्षण साधारण महिनाभर आधी खुलं होतं आणि बघता बघता संपतं. मग तीच तिकिटं एजंटांकडे चढ्या भावाने निघतात. आम्हालाही एकाने देऊ केली होती, आम्ही घेतली नाहीत. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात काच उघडत नाही, त्यामुळे ओल्या मातीचा वास, बोगद्यातला घुमणारा आवाज, फलाटावरच्या हाका, सगळं बाहेरच राहतं. बिनआरक्षित डब्यात, मोसमात तरी, दारापर्यंत माणसं उभी असतात. आणि चार तास सलग हिरवं बघितल्यावर पाचव्या तासाला चहाचा मळा समोर असूनही दिसत नाही.

आम्ही या लाइनचे तुकडे पाडले. कँडी ते हॅटन, मग मुक्काम. हॅटन ते नानू ओया, मुक्काम. नानू ओया ते हपुतले, तिथे चांगला आठवडाभर. मग बंडारवेला, एल्ला, देमोदरा करत थेट बदुल्ला. एकेक टप्पा दोन-तीन तासांचा, तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर, तेही जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट, जे आपल्याकडे केव्हाच गेलं. आडवारी, सकाळच्या गाडीला बहुतेक वेळा बसायला जागा मिळाली. नाही मिळाली तेव्हा कुणीतरी न विचारता आमची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. तिथे ती रीतच आहे.

ही लाइन मुळात प्रवाशांसाठी नव्हतीच. पहिली गाडी 1864 साली कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत धावली, 1867 ला रूळ कँडीला पोचले, आणि घाई सगळी कॉफी बंदरावर उतरवण्याची होती. 1869 पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे गेले. त्यांच्या जागी चहा आला. रूळ पुढे सरकत राहिले: 1885 मध्ये नानू ओया, 1894 मध्ये बंडारवेला, आणि बदुल्ला तर थेट 1924 मध्ये. एवढा काळ का लागला हे रंबुक्कना सोडलं की कळतं. तिथून 44 फुटांमागे एक फूट असा चढ सुरू होतो, आणि वर गेल्यावर वळणं इतकी आवळलेली की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन समोरून आडवं जाताना दिसतं. डोंगरातली रेल्वे म्हटलं की आपल्याला माथेरानची दोन फुटी गाडी आठवते. इथे पूर्ण ब्रॉडगेज आहे, आपल्या मेन लाइनइतकाच रुंद, आणि तो पट्टिपोलाला 1,898 मीटरवर चढतो. मला या रेल्वेतलं सगळ्यात मोठं आश्चर्य हेच वाटतं. एल्लाजवळच्या नऊ कमानींच्या पुलाचा नंबर त्यानंतर.

मळ्यांत काम करणारे लोक बहुतांशी तमिळ, त्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी दक्षिण भारतातून आणलेलं. हॅटन-तलावाकेलेच्या पट्ट्यात गाडीत तमिळच जास्त कानावर येतं. खिडकीतून दिसणाऱ्या पत्र्याच्या लांबलचक चाळी त्यांच्याच. त्या चाळी बघितल्याशिवाय मळे ‘सुंदर’ म्हणून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आमच्याशी बोलत बसलेल्या एक आजी तलावाकेलेला उतरल्या. आयुष्यभर चहा खुडलेला, बोटांची पेरं कायमची काळपट झालेली. त्या कँडीला डोळे दाखवायला गेल्या होत्या. त्यांच्यासाठी ही एसटीसारखी रोजची गाडी आहे, आणि आपण तिच्यात पाहुणे आहोत, हे लक्षात ठेवलं की पुष्कळ गोष्टी आपोआप नीट होतात.

वेळेबद्दल. रंबुक्कनाच्या वर बहुतेक मार्ग एकेरी आहे. समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय आपली सुटत नाही, त्यामुळे एक गाडी रखडली की मागच्या-पुढच्या सगळ्या रखडतात. अजून टॅब्लेटची, म्हणजे परवान्याच्या चकतीची, जुनी पद्धत चालते. पांढऱ्या गणवेशातले स्टेशनमास्तर एक मोठं कडं घेऊन फलाटावर येतात, कड्याला चामड्याची पिशवी आणि तिच्यात धातूची चकती. चकती ज्या ड्रायव्हरच्या हाती, पुढच्या स्टेशनपर्यंतचा रूळ त्याचा. ती पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडल्याशिवाय दुसरी चकती निघतच नाही. एकदा गाडी हळू झाली आणि ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून एक कडं दिलं, दुसरं दंडावर अडकवून घेतलं, मला ते अगदी चार हातांवरून बघायला मिळालं. आपल्याकडे एकेरी मार्गांवर टोकनचे गोळे देत-घेत त्यातलाच प्रकार. ते बघितल्यापासून थांबलेल्या गाडीत मी कधी घड्याळ बघितलं नाही. पण ज्याला संध्याकाळी विमान गाठायचंय त्याने त्या दिवशी डोंगरातून निघू नये. आदल्या दिवशीच कोलंबोत यावं.

नानू ओया ते हपुतले हा टप्पा निवडायला सांगितला तर मी डोळे झाकून निवडीन. आंबेवेलाला गाई आणि पवनचक्क्या, हवा एकदम गार. पट्टिपोलाला बहुधा धुकं. मग शिखराचा बोगदा, आणि पलीकडे कितीदा तरी लख्ख ऊन, कारण डोंगराच्या दोन अंगांना पाऊस वेगवेगळ्या वेळी येतो. ओहियानंतर बोगद्यामागून बोगदे, आणि इदलगशिन्नाला गाडी अशा धारेवर उभी राहते की दोन्ही बाजूंना दरी. कुठल्या बाजूला बसायचं हा प्रश्न म्हणून इथे बादच होतो. हपुतले गाव त्याच धारेवर बसलंय. तिथून दंबातेन्नेच्या चहाच्या कारखान्यापर्यंत मळेवाल्यांची बस जाते, आणि पहाटे वर लिप्टन सीट या माथ्यावरच्या जागेपर्यंत चालत गेलं तर नऊच्या आत दक्षिणेची मैदानं दिसतात. नंतर ढग वर येतात. जवळच्या हॉर्टन प्लेन्स या उंच पठाराचंही तेच, वर्ल्ड्स एंडच्या कड्यावर उशिरा पोचलेल्यांना पांढरा पडदाच बघायला मिळतो.

एल्ला मला गजबजलेलं वाटलं. पूल जरूर बघावा, 1921 चा आहे, दगड-विटा-सिमेंटचा, लोखंडाचा वापर नाही. पण एक स्टेशन पुढे देमोदराला रूळ वेटोळं घेऊन स्वतःच्याच खालून, स्टेशनच्या पोटातल्या बोगद्यातून जातात. तिथे फलाटावर आम्ही दोघंच होतो.

आता किनारा. कोलंबो फोर्टहून दक्षिणेला निघालं की कोल्लुपिटिया, वेल्लवत्ता, माउंट लव्हिनियापर्यंत रूळ आणि समुद्र यांच्यात फक्त काळे दगड. भरतीला तुषार खिडकीत येतात. सकाळ-संध्याकाळ ही ऑफिसवाल्यांची लोकल आहे, सामान घेऊन त्या वेळी चढू नये. दुपारी निघावं आणि उजव्या हाताला बसावं. गॉल स्टेशनला मात्र रूळ संपतात आणि गाडी उलटी फिरून माताऱ्याकडे निघते, त्यामुळे तिथून समुद्र तुमच्या डब्याच्या दुसऱ्या बाजूला जातो. गॉलला अर्धा डबा रिकामा होतो, तेवढ्यात पलीकडे सरकून घ्यावं.

वडेवाला याच लाइनवर भेटतो. पाटीत डाळीचे वडे, वर अख्खी कोळंबी बसवलेले इस्सो वडे, तळलेल्या लाल मिरच्या. बांधून देतो ते शाळेच्या वापरलेल्या वहीच्या पानात. आमच्या एका पुडीवर भागाकाराची गणितं होती आणि बाईंची लाल शाईतली खूण. गरम असतील तरच घ्यावेत.

हिक्काडुवाच्या अलीकडे पेरलिया लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत ‘समुद्र देवी’ नावाने धावणारी गाडी इथेच लाटेखाली सापडली, 1,700 च्या आसपास माणसं गेली. रस्त्याकडेला स्मारक आहे. आम्ही मुद्दाम उतरून गेलो. ती लाइन काही आठवड्यांत पुन्हा उभी केली गेली आणि त्या नावाची गाडी आजही धावते.

मोसम नीट धरला तर पैसे आणि रजा दोन्ही वाचतात. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून, तेव्हा कोलंबो ते माताऱ्याचा समुद्र खवळलेला आणि हॅटनची बाजू ओली. पण त्याच दिवसांत पट्टिपोलाच्या पलीकडचा ऊवा प्रांत कोरडा असतो, वारा सुटतो, आणि तिथला वर्षातला सगळ्यात चांगला चहा जुलै-ऑगस्टमध्येच निघतो. जानेवारी ते मार्च उलट: किनारा शांत, नानू ओयाच्या बाजूला आभाळ मोकळं. ऑक्टोबर-नोव्हेंबर मी टाळायला सांगेन. दुपारचा पाऊस धो धो पडतो, दरडी कोसळतात आणि डोंगरातली लाइन बंद पडू शकते. तशी ती इतर वेळीही पडते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनवर चौकशी करावीच.

दारात लटकून फोटो काढण्याबद्दल कळकळीने सांगतो: करू नका. खोदून काढलेल्या भिंती आणि सिग्नलचे खांब दारापासून हातभर अंतरावरून जातात. परदेशी पर्यटक यात जिवानिशी गेलेत. खिडकी पूर्ण उघडी असते, तिथून सगळं दिसतं.

बाकी बारीकसारीक. संडास बेताचे, पाणी नसतंच असं धरून चालावं. मोठ्या चाकांच्या बॅगा नकोत, फलाट खाली आणि पायरी उंच. कोलंबोहून डोंगरात जाणाऱ्या काही गाड्या कँडी शहरात शिरत नाहीत, परस्पर पेरादेणियावरून जातात, तेव्हा तिकीट काढताना विचारून घ्यावं. पोयाला जोडून सुट्टी आली की बसायला जागा विसरा. डिसेंबर ते मे हॅटनची गाडी श्रीपाद या पवित्र शिखराच्या यात्रेकरूंनी भरलेली असते, पांढऱ्या कपड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं. त्या गर्दीतला प्रवास मला आवडला, पण उभ्यानेच झाला.

रजेच्या शेवटी दिवस उरले असतील तर माताऱ्याला उतरून न जाता बेलिअत्तापर्यंत बसून राहावं. तो तुकडा 2019 मध्ये सुरू झालाय, सरळसोट, काँक्रीटच्या पुलांवरून भातशेतीच्या वर उचललेला, डबे जवळजवळ रिकामे. बेलिअत्ताहून तांगल्ले बसने जवळ पडतं.