म्युझियमची बस आमच्या शाळेत आली होती, त्याबद्दल

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची म्युझियम ऑन व्हील्स (म्हणजे चाकांवरचं म्युझियम) ही बस २०१५ पासून फिरतेय, पण आपल्या शाळेत बोलवता येते हे बऱ्याच शिक्षकांना माहीतच नसतं म्हणून लिहितेय. मी मानखुर्दला मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या पोरांना काळा घोड्याला, म्हणजे हे संग्रहालय आहे तिथे, न्यायचं म्हणजे बसचं भाडं, पालकांची परवानगी, एक अख्खा दिवस, आणि ज्यांना पैसे जमत नाहीत ती पोरं त्या दिवशी सरळ शाळेलाच येत नाहीत. इथे म्युझियमच दारात आलं, त्यामुळे कोणी मागे राहिलं नाही.

एसी बस, आत मांडणी केलेली, आमच्या वेळी विषय हडप्पा संस्कृतीचा होता. वस्तू प्रतिकृती आहेत, पण त्यामुळेच हातात घेता येतात ना! वर्गात एका मुलीला जवळजवळ दिसत नाही, तिने मुद्रेवरचा एकशिंगी प्राणी बोटांनी चाचपून ओळखला आणि बाकीच्यांना सांगितला, एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. वजनांचे घनाकृती दगड बघून एक मुलगा, ज्याची आई भाजी विकते, लगेच म्हणाला बाई हे तर दुप्पट दुप्पट जातंय, आणि बरोबरच आहे, १, २, ४, ८, १६ असंच ते चढत जातं. समजावणाऱ्या ताई मराठीतच बोलत होत्या आणि घाई नाही, पोरगं बोलायला लागलं की थांबायच्या.

पण खरी गंमत मोहेंजोदडोच्या गटारांवरून झाली. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांची झाकलेली गटारं होती म्हटल्यावर मागून प्रश्न आला, "मग आमच्या गल्लीत झाकण का नाय?" ताईंनी विषय टाळला नाही, कोण बांधायचं, कोण साफ करायचं, आता कोणाचं काम आहे, सगळं पोरांकडूनच काढून घेतलं. नंतर आम्ही वर्गात गल्लीचा नकाशा काढला, उघडी गटारं लाल रंगाने दाखवली आणि पोरांनी स्वतः अर्ज लिहून दिला. इतिहासाच्या तासाला असं मी आजवर घडवू शकले नव्हते.

मागे शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) आमच्या व्हीलचेअरवरच्या मुलाला वर नेता आलं नाही, तो खाली बाकावर बसून राहिला, त्याच्यासोबत मी. म्हणून मला हे फार लागतं. आयकॉम या संग्रहालयांच्या जागतिक संघटनेने २०२२ ला प्रागमध्ये म्युझियमची व्याख्या बदलली, त्यात सगळ्यांसाठी खुलं आणि सर्वसमावेशक हे शब्द स्पष्ट आहेत. त्यांची शिक्षणावर काम करणारी सेका समिती अशा उपक्रमांना पुरस्कारही देते. आपल्याकडे मात्र कौतुक इमारतींचं जास्त होतं. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये आणि ही बस पाठवणाऱ्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला २०२२ मध्ये जतनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आनंदच आहे, दोन्ही वास्तू देखण्या आहेत. पण बसमध्ये दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या ताईंचंही नाव महाराष्ट्रात मोठ्या मंचावर घेतलं पाहिजे, आणि बक्षीस देताना किती पोरं आली हे मोजू नका, एरवी कोण येत नव्हतं आणि ते आता आलं का, गेल्यावर त्यांनी काय केलं, हे विचारा. शाळेत येऊन विचारा, फोटो बघून नको.

बोलवायचं असेल तर संग्रहालयाच्या शिक्षण विभागाशी बोला, बरंच आधी, परीक्षेचे महिने सोडून. बस मोठी आहे, अरुंद गल्लीत वळत नाही, पटांगण नसेल तर जवळच्या शाळेला विचारा आणि दोघांनी मिळून बोलवा. आणि गट लहान ठेवा, एका वेळी अख्खा वर्ग कोंबला तर मागच्यांना हात लावायला मिळत नाही.