ओबीडी स्कॅनर: गाडी जास्त पेट्रोल का पिते ते दाखवतो

गाडीचं मायलेज अचानक पडलं असेल तर पार्ट बदलत बसण्याआधी हा छोटा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावला की इंजिनचे रीडिंग मोबाइलच्या ॲपवर दाखवतो) घ्याच. माझ्या गाडीत चेक इंजिन लाइट लागला नव्हता तरी लाइव्ह डेटात दिसलं की कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान ६०-६५ डिग्रीच्या वर चढतच नाहीये, तापलेल्या इंजिनला साधारण ९० डिग्री पाहिजे, म्हणजे थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलेला आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतोय. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) पण बघा, सतत प्लस-मायनस १० टक्क्यांच्या बाहेर असेल तर ऑक्सिजन सेन्सर, एअर लीक, इंजेक्टर तपासून घ्या. ब्रेक घासतोय हे मात्र याला कळत नाही, गाडी चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलंय का ते रिमजवळ हात नेऊन बघायचं. ॲप जरा स्लो आहे, पण रीडिंग बरोबर येतात.