ऑटोरन्स : पुसलेला बॅकडोअर कुठून परत येतो ते दाखवणारं साधन

अँटीव्हायरसने सकाळी पकडून पुसलेली फाईल संध्याकाळी त्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये पुन्हा हजर. हा अनुभव ज्यांना आलाय त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहितेय. ओळखीच्या लोकांचे विंडोज संगणक मी सांभाळते, आणि अशा वेळी सगळ्यात आधी उघडते ते ऑटोरन्स, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं साधन.

हे सिसइंटर्नल्स या विंडोजच्या तपासणी-साधनांच्या संचातलं मोफत साधन. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी ते घडवलं, २००६ साली मायक्रोसॉफ्टने सगळा संचच विकत घेतला. सोनी बीएमजीच्या संगीत सीडींमध्ये लपवलेलं रूटकिट (संगणकात स्वतःला दडवून ठेवणारं सॉफ्टवेअर) २००५ साली जगासमोर आणणारे ते हेच रुसिनोविच. माणसाला या विषयाचं खरं वेड आहे, आणि ते साधनात दिसतं. इन्स्टॉल करायची भानगड नाही. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून झिप उतरवा, उघडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

नुकतंच ज्या लॅपटॉपवर वापरलं, त्यावर संसर्ग कसा झाला ते आधी सांगते, कारण बहुतेकदा असंच होतं. पीडीएफमध्ये बदल करायचं महागडं सॉफ्टवेअर फुकटात हवं होतं. क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत, मिळाला, तोही पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये, सोबत सूचना : आधी अँटीव्हायरस बंद करा. पासवर्डमुळे स्कॅनरला झिपच्या आत डोकावता येत नाही, आणि सूचनेमुळे उरलासुरला पहारेकरी वापरणाराच घरी पाठवतो. सॉफ्टवेअर व्यवस्थित चाललं, म्हणून कुणाला शंका आली नाही. त्याच्याच पाठीमागे दुसरा प्रोग्राम बसला, बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधून हुकूम घेऊ लागला. फाईल पाठव, टाइप केलेलं टिपून ठेव, आणखी काही उतरव. बॅकडोअरचं काम हेच. आणि संगणक बंद करून चालू केला तरी त्याला पुन्हा उठायचं असतं, त्यामुळे विंडोजमध्ये कुठेतरी त्याला आपली नोंद करून ठेवावीच लागते.

ऑटोरन्स ह्या नोंदी दाखवतं, आणि त्यात त्याची बरोबरी करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये मोजक्या जागा दिसतात. इथे रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातल्या) रन नोंदी, सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स, शेड्यूल्ड टास्क्स (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), विनलॉगऑन, डब्ल्यूएमआय, अशा प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या सगळ्या जागा टॅबवार मांडलेल्या असतात. पहिल्यांदा यादी बघून छाती दडपते. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, स्कॅन ऑप्शन्समध्ये कोड सिग्नेचर तपासणी (फाईलवर बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही आहे का ते बघणं) आणि व्हायरसटोटल (एकच फाईल अनेक अँटीव्हायरस इंजिनांकडून तपासणारी सेवा) चालू करा, की यादी आटोक्यात येते. सही नसलेल्या नोंदी गुलाबी, ज्यांची फाईलच सापडत नाही त्या पिवळ्या. व्हायरसटोटलकडे फाईलचा फक्त हॅश, म्हणजे तिचा बोटाच्या ठशासारखा आकडा, जातो आणि किती इंजिनांनी ती वाईट ठरवली तो आकडा समोर येतो. अनोळखी फाईल आपोआप अपलोड करायचा पर्याय मात्र मी कधीच चालू करत नाही. लोकांच्या खासगी फाईली आपण परस्पर कुठे पाठवू नयेत.

त्या लॅपटॉपवर उत्तर शेड्यूल्ड टास्क्समध्ये होतं. ब्राउझरच्या अपडेटसारखं नाव, पण चालत होतं पॉवरशेल (विंडोजमधलंच लेखी हुकूम चालवणारं साधन), आणि खालच्या पट्टीत पूर्ण कमांड पाहिली तर न वाचता येणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ. अँटीव्हायरस उतरवलेली फाईल पुसत होता, ती पुन्हा उतरवणारं टास्क सुखरूप होतं. इथे साधनाची मर्यादाही कळते. पॉवरशेल मायक्रोसॉफ्टचंच, सही पक्की, व्हायरसटोटलचा आकडा शून्य. रंगांवर विसंबलात तर ही ओळ हातची जाणार. कमांड वाचावीच लागते.

सही म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हे सीसीक्लीनर या संगणक साफ करायच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या प्रकरणाने २०१७ सालीच दाखवून दिलं. ५.३३ या आवृत्तीत बॅकडोअर घुसवलेला होता, तोही कंपनीच्या वैध सहीसह, आणि सुमारे २२.७ लाख संगणकांपर्यंत तो पोचला. तिथे वापरणाऱ्यांनी काहीच वावगं केलं नव्हतं.

काढायची पद्धत रुसिनोविच यांनी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलेली आहे, मीही तीच पाळते. आधी इंटरनेट तोडायचं. मग प्रोसेस एक्सप्लोरर या त्याच संचातल्या साधनात संशयित प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) आधी सस्पेंड करायच्या, म्हणजे जागीच थांबवायच्या, कारण दोन प्रोसेस एकमेकींवर नजर ठेवून असतील तर एक मारली की दुसरी तिला पुन्हा उठवते. सगळ्या थिजल्या की एकेक बंद करायच्या. त्यानंतर ऑटोरन्समधली टिकखूण काढायची, एफ५ दाबायचं. नोंद परत आली तर काहीतरी अजून जिवंत आहे. मी थेट डिलीट करत नाही. टिकखूण काढलेली नोंद परत लावता येते, आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये घाई केली तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. नोंद बंद केली तरी फाईल डिस्कवर राहतेच, ती वेगळी काढायची.

शेवटी डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅन ऑप्शन्समध्ये ते आहे. संगणक रीस्टार्ट होऊन नेहमीचं विंडोज सुरू न होताच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं लागतात. त्याआधी डिफेंडरच्या एक्सक्लूजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची, यादी नक्की बघा. अख्खा सी ड्राइव्ह त्यात टाकलेला असेल, तर स्कॅन ‘काही सापडलं नाही’ म्हणेल ते उगाच नव्हे. ऑटोरन्स ही यादी दाखवत नाही, ही उणीव मला खरोखर खटकते. मुद्दाम बसवलेलं, रीतसर सही असलेलं दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर ऑटोरन्समध्ये दिसतं, पण त्यावर धोक्याची कुठलीच खूण येत नाही. ते तिथे का आहे, हे मालकालाच विचारावं लागतं.

त्या लॅपटॉपचं मी पुढे काय केलं? कागदपत्रांची प्रत घेऊन विंडोज नव्याने टाकलं. त्यावरून बँकेचे व्यवहार होत होते, आणि बॅकडोअरने मधल्या काळात आणखी काय उतरवलं असेल याची खात्री कुठलंही साधन देत नाही. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलले आणि सगळ्या खात्यांमधून सगळी उपकरणं साइन आउट केली, कारण चोरलेल्या कुकीने (ब्राउझरने जपलेल्या लॉगिनच्या खुणेने) पासवर्डशिवायही खात्यात शिरता येतं. मग ऑटोरन्सचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. त्याच्यामुळे संसर्ग कधीचा आणि कुठून आला हे कळलं, आणि ती क्रॅकची झिप बॅकअपमधून परत येण्याआधी काढता आली.

नवख्या माणसाने हे एकट्याने चालवावं असं मी म्हणणार नाही, स्क्रीनवर प्रत्येक ओळीचा अर्थ समजावणारं काही नाही. पण घरात कुणी जाणकार असेल तर संगणक निरोगी असतानाच ऑटोरन्स एकदा चालवून यादी सेव्ह करून पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढे शंका आली की फाईल मेनूतून कंपेअर करा, मधल्या काळात आलेल्या नव्या नोंदी हिरव्या दिसतात.