टायटॅनियम कार्बाइडची हार्डफेसिंग वायर: जाड थर हवा आणि तडे नकोत, त्यांनी घ्याच

हार्डफेसिंग म्हणजे झिजणाऱ्या भागावर वेल्डिंगने कडक धातूचा थर चढवणं. आधी क्रोमियम कार्बाइडच्या वायरबद्दल, कारण बहुतेक सगळे तीच वापरतात. ती मारली की थंड होताना टक्‌टक् आवाज येतो आणि बीडला (वेल्डिंगच्या पट्ट्याला) आडवे बारीक तडे जातात, नवीन माणूस घाबरतो पण ते नॉर्मल आहे, ताण तिथेच मोकळा होतो. खरा त्रास त्यावर थर चढवत गेलं की सुरू होतो, दोन फार तर तीन थरांच्या पुढे गेलात आणि जॉबला (ज्या भागावर थर चढवलाय त्याला) मार बसला की अख्खा पोपडाच निघून येतो.

टायटॅनियमवाली इथे खरंच वेगळी आहे. वितळलेल्या धातूत टायटॅनियम कार्बाइडचे बारीक दाणे सगळ्यात आधी घट्ट होतात आणि बराचसा कार्बन तेच खाऊन टाकतात, त्यामुळे भोवतीच्या मार्टेन्साइटमध्ये (पोलादाच्या कडक रचनेत) कार्बन कमी उरतो आणि तो चिवट राहतो. हार्डनेस साधारण ५५ ते ५८ एचआरसी (रॉकवेल हार्डनेसचं माप) मिळतो, आणि क्रशरचे हॅमर, रोल अशा मार खाणाऱ्या जॉबवर थर टिकतो. मला जाम आवडली.

पण "कितीही थर मारा" असं सांगून विकतात ना, ते प्रीहीट केलं, म्हणजे वेल्डिंगआधी जॉब तापवला, तरच खरं. वायर तडकत नाही, खालचं स्टील तडकतं! सी४५ सारख्या मध्यम कार्बनच्या स्टीलला २०० डिग्रीच्या आसपास, ४१४० या क्रोम-मॉली स्टीलला ३०० पर्यंत, तेही वरवर टॉर्च फिरवून नाही, जॉब आतपर्यंत तापला पाहिजे आणि काम संपेपर्यंत तसाच राहिला पाहिजे, मग ब्लँकेटमध्ये गुंडाळून हळूहळू थंड. मँगनीज स्टीलला मात्र अगदी उलटं, प्रीहीट नाही आणि २६० डिग्रीच्या वर जाऊच द्यायचं नाही, खाली ३०७ स्टेनलेस वायरचा बफर (मधला थर) द्या.

झीज २०-२५ एमएम असेल तर सगळी हिनेच भरू नका, महाग पडते. खाली ३०-३५ एचआरसीची बिल्ड-अप वायर भरा आणि वरचे दोन-तीन थर हिचे.

नुसती कोरडी वाळू घासत जाते अशा च्यूटला (माल घसरत नेणाऱ्या पन्हाळीला) क्रोमियमवालीच बरी, स्वस्तातही होते. आणि जिथे नंतर लेथवर मशीनिंग करायचंय तिथे ही नकोच, हिला फक्त ग्राइंडिंगच चालतं.